गुडघ्यांच्या आतली बाजू

एकोणीसशे सदुसष्ट साल होतं. सालाबद्दल माझा घोळ होत नाही, कारण त्याच वर्षी मास्तरांच्या दुकानातलं पायाचं शिवणयंत्र जाऊन विजेचं आलं आणि मास्तरांनी दोन महिने त्याच्याशी अबोला धरला होता. मी तेव्हा एकतीस वर्षांची. नवे कपडे मास्तर शिवायचे. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं, खांदे उतरले, शिवण उसवली, की तो कपडा माझ्या टेबलावर यायचा. जुना कपडा खोटं बोलत नाही, हे मी त्या टेबलावर शिकले. कारकुनाची पँट बैठकीवर चकाकते. सायकलवाल्याची उजव्या पायाला खाली काळवंडते. फरशी बसवणाऱ्याची गुडघ्यावर समोरून फाटते. माणूस दुकानात येऊन काहीही सांगो, मी मान डोलवायचे आणि कपडा उलटा करून बघायचे. पावसाळा संपल्यावरच्या एका सोमवारी मी घरून ह्यांची खाकी पँट आणली होती, तळाची दुमड सुटली होती म्हणून. खिडकीच्या उजेडात ती उलटी केली, आणि हात तिथेच थांबला. बैठक नव्यासारखी होती. दुमडीचं काम दोन मिनिटांचं होतं. पण दोन्ही पायांवर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत कापड झिजून पांढरं पडलं होतं. डाव्या पायाला जास्त, उजव्याला कमी. आडवे धागे तुटून उभे तेवढे राहिले होते, आणि त्यामागे माझी बोटं दिसत होती.

ती झीज मी ओळखत होते. सहा वर्षं मीच ती बुजवत आले होते. लग्न झालं तेव्हा हे वीज कंपनीत लाइन तपासायचं काम करायचे. शहराबाहेरच्या डोंगरावरून तारा गेलेल्या होत्या, खाली रस्ता नव्हता, नुसते दगड. त्या दगडांवरून हे फटफटी घेऊन खांबामागून खांब बघत जायचे. अशा जागी गाडीवर बसायचं नसतं. उभं राहायचं, फूटरेस्टवर, तळव्याच्या पुढच्या भागावर, गुडघे वाकवून. आणि त्या गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी दोन्ही बाजूंनी आवळून धरायची. हात नुसते हँडलवर ठेवायचे, गाडी धरायची ती पायांनी. दगडाने चाक उचललं की पाय दुमडतात, चाक खाली गेलं की पाय लांबतात, आणि कमरेच्या वरचा माणूस जिथल्या तिथे राहतो. हे मला इतकं बारीक माहीत असायचं कारण म्हणजे लग्नानंतरचा दुसरा का तिसरा महिना. एका रविवारी दुपारी ह्यांनी मला स्वयंपाकघरात दोन पाटांवर उभं केलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि म्हणाले, "आता तू डोंगर चढते आहेस. उशी पडली तर तू पडलीस." मग एकेक पाट पायाने हलवायला लागले. मी हसून हसून वाकले, उशी पडली, हे म्हणाले, "मेलीस." पुन्हा उशी दिली. आपल्या दोन्ही तळव्यांनी माझे गुडघे बाहेरून दाबले आणि म्हणाले, "इथून धरायचं. जग इथून धरायचं असतं." आमच्या सगळ्या संसारात ह्यांनी मला शिकवलेली ती एकच गोष्ट, आणि ती मला कधी वापरायला मिळाली नाही. झिजलेल्या पँटला मी आतून नाही, बाहेरून ठिगळ लावायचे, मऊ कातड्याचं, खरखरीत बाजू वर करून, म्हणजे टाकीवर पकड राहील. मास्तर चिडवायचे, "नवऱ्याला जोडे घातलेस की पँट?"

दोन वर्षांपूर्वी, पासष्ट साली, हे पडले होते. दिवसभर उभं राहून दमले आणि शेवटच्या खांबाआधी क्षणभर बसले. बसल्याबरोबर मागचं चाक दगडावरून उडालं, त्याने ह्यांना वर फेकलं आणि गाडी डाव्या पायावर आली. नडगीत हाडाला स्टीलची पट्टी घालावी लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हाच पाय पुन्हा मोडला तर आम्ही काही करू शकू असं वाटत नाही. कंपनीने ह्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. ह्यांनी मला कबूल केलं की पुन्हा फटफटीला हात लावणार नाही. मी शपथ घ्या म्हटलं नव्हतं, नुसतं कबूल करा म्हटलं होतं, आणि ह्यांनी पलंगावर पडल्या पडल्या छताकडे बघत "कबूल" म्हटलं. तेव्हापासून हे बसने जायचे, बसने यायचे. दोन वर्षं मी त्या कबूलवर निवांत झोपत होते. आणि आता ती पँट माझ्या हातात होती.

त्या संध्याकाळी मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण कपडे वाचायची सवय लागलेली बाई तोंडाने विचारत नाही, तिला वाटतं अजून थोडं उलटून बघावं. मी उलटून बघायला लागले. हे घरी आले की हाताला एक वास यायचा, औषधी साबणाचा, दवाखान्यात असतो तसा. आमच्या घरात तो साबण नव्हता. रेकॉर्ड रूममध्ये असला साबण कशाला असेल? मंगळवारी आणि गुरुवारी हे जेवणाचा डबा पूर्ण संपवायचे, बाकीच्या दिवशी अर्धा परत आणायचे. बुटांच्या शिवणीत पांढरी भुकटी असायची. हे सगळं आधीपासून माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी ते कित्येक महिने धुऊन, घासून, झटकून टाकत होते.

"ऑफिसात काम फार आहे का?" जेवताना मी विचारलं.

"कागद आहेत. कागदाला कसलं काम, पडून राहायचं." मग ताटाकडे बघत, "का गं?"

"काही नाही. तुमची पँट तळाला उसवली होती, दुकानात नेलीय."

ह्यांचा घास तोंडापाशी थांबला. अगदी थोडा. आमची चिमी तेव्हा सात वर्षांची, ती मध्येच म्हणाली, "बाबा, तुम्ही दचकलात." हे म्हणाले, "घास गरम होता." घास गरम नव्हता. मीच वाढला होता.

गुरुवारी मी मास्तरांना दात दुखतो म्हणून सांगितलं. मास्तर म्हणाले, "कुठला?" मी पटकन डावा गाल धरला. "सकाळी उजवा धरला होतास," ते म्हणाले, आणि पुन्हा कात्री चालवायला लागले. दुपारी दीडला मी वीज कंपनीच्या फाटकासमोर एका चष्म्याच्या दुकानात उभी राहिले, आणि दुकानदार मला फ्रेमी दाखवत असताना हे फाटकातून बाहेर आले. अर्ध्या दिवसाची रजा. हे बसमध्ये चढले, मी मागच्या बसमध्ये. ह्यांना वाटेत कुठे उतरू दे, असं मी खिडकीतून बघत होते आणि मनाशी म्हणत होते: एखाद्या चांगल्या घरापाशी उतरू दे, पडदे लावलेल्या, म्हणजे मला रागावता तरी येईल. पण हे कुठेच उतरले नाहीत. शेवटच्या थांब्याला मी उतरले. तिथे शहर संपत होतं आणि बंद पडलेली दगडाची खाण सुरू होत होती. आवाजावरून मी कडेपर्यंत गेले. खाली, खाणीच्या तळाशी, फटफटी स्टँडवर उभी होती, तिच्यावर एक बाई उभी होती, आणि माझा नवरा आपल्या दोन्ही तळव्यांनी तिचे गुडघे बाहेरून दाबत होता.

"बसू नका, बाई. बसलात की कणाही गेला आणि पेटीही गेली."

"अहो, पण माझे पाय थरथरतात."

"थरथरू द्या. थरथरणारा पाय चालतो, ताठ पाय मोडतो. टाकी आवळा. आणखी. लिंबू पिळल्यासारखी."

"लिंबू मी हाताने पिळते."

"म्हणून तुमचं सरबत कडू होतं."

खाणीत बोलणं वर येतं, अगदी कानाशी बोलल्यासारखं. ती बाई हसली. चाळिशीला टेकलेली असेल, जाडसर, पांढरा गणवेश, खाली पुरुषी पँट, केसांना रुमाल. शेजारी दगडावर एक पत्र्याची पेटी होती. नंतर मला कळलं की त्या आरोग्य खात्यातल्या लसबाई. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर लस न्यायची ती बर्फाच्या पेटीतून, बर्फ विरघळायच्या आत. जीप तिथे जात नव्हती, आधीच्या माणसाने दोन वेळा बाटल्या फोडल्या आणि नोकरी सोडली. खात्याने फटफटी दिली, ती चालवायला शिकवणारं कुणी दिलं नाही. त्यांनी वीज कंपनीत जाऊन विचारलं की डोंगरावरून बाटली न फोडता जाईल असं तुमच्याकडे कोण आहे, आणि कुणीतरी रेकॉर्ड रूमकडे बोट दाखवलं. हे सगळं नंतर कळलं. त्या दुपारी मला फक्त तळवे दिसत होते. त्या बाईचा चेहरा, वय, काही माझ्या मनात शिरलं नाही. इथून धरायचं, असं हे तिला सांगत असतील का? सांगतच असतील. मग जग इथून धरायचं असतं, हेही? तेवढं एक वाक्य वर ऐकू येतं का म्हणून मी श्वास रोखून उभी होते.

ते ऐकू आलं नाही. मग हे स्वतः गाडीवर चढले, "बघा आता" म्हणाले, आणि खाणीच्या उतारावर, जिथे डोक्याएवढे दगड सुटे पडले होते, तिथे गेले. मी ह्यांना गाडी चालवताना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. सहा वर्षं मी फक्त झीज पाहिली होती. खाली गाडी आदळत होती, कण्हत होती, भांडत होती, आणि वर हा माणूस तिचं सगळं ऐकून घेत होता. गुडघे तेवढे वर-खाली. खांदे शांत, मान शांत. घरात दोन वर्षं खुर्चीत रुतून बसलेला, चिमीने बोलावलं तर दोन हाका झाल्यावर उठणारा तो हाच. मला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचाच राग आला. पाय मोडेल ही भीती मला त्यानंतर आठवली. हा क्रम मी अठ्ठावन्न वर्षं तपासून बघते आहे. पहिल्यांदा तळवे, मग राग, आणि भीती सगळ्यात शेवटी.

शुक्रवारी मी ती पँट शिवायला घेतली. कातड्याच्या तुकड्यांचा डबा टेबलाखाली होता. माझा पाय त्याला लागत होता. मी तो उघडला नाही. वर फडताळात एका रेनकोटचं उरलेलं नायलॉन होतं, खाकीशी रंग इतका जुळणारा की ठिगळ शोधावं लागलं असतं. मी त्याचे दोन तुकडे कापले. हात फिरवला तर बोट आपोआप पुढे सरकत होतं. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं.

"कातडं संपलं का?"

"रंग जुळत नाही."

"आधी कुठे जुळायचा?"

मी सुईत दोरा ओवला. मास्तर म्हणाले, "टाके बारीक घाल," आणि पाठ फिरवली. मी टाके बारीक घातले. त्या आठवड्यात मी काय ठरवलं होतं असं कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगीन की काही ठरवलं नव्हतं. हे आता टेबलावरच काम करतात ना, मग टेबलाला घासणाऱ्या पँटला रेनकोटचं कापड चालतं, असं मी स्वतःला समजावलं. ह्यांच्या खोट्याला मी नुसता मापाचा कपडा शिवला. शिवाय मला वाटत होतं की ठिगळ दिसल्याबरोबर हे विचारतील, आणि एकदा विचारलं की सगळं बाहेर येईल. सोमवारी सकाळी ह्यांनी पँट खिडकीशी नेली. ठिगळावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"नवीन लावलंस?"

"हो. झिजली होती."

"कशाने झिजली असेल?"

"टेबलाने."

"हो," हे म्हणाले, "टेबलच." आणि पँट चढवली.

खुंटीवर दुसरी पँट होती, राखाडी, धड. मंगळवारी ती मी मुद्दाम पलंगावर काढून ठेवली. हे आंघोळीहून आले, तिच्याकडे बघितलं, घडी करून पुन्हा खुंटीला टांगली आणि खाकी घातली. बुधवारी पुन्हा तेच. आम्ही दोघं त्या आठवड्यात फार गोड बोलत होतो. भाजीत मीठ आहे का, चिमीच्या वहीला पुठ्ठा घालायचा का. चिमी आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघायची. गुरुवारी सकाळी हे दारात बुटाची नाडी बांधत बसले, नेहमीपेक्षा जास्त वेळ, दोन वेळा सोडून बांधली. मी मागे डबा घेऊन उभी होते. ह्यांच्या मानेवर कापताना राहिलेला एक केस होता, तो मी बघत होते. गुरुवार होता हे दोघांनाही माहीत होतं. हे उठले, डबा घेतला, "येतो" म्हणाले. मी "या" म्हटलं.

चार वाजता शेजारच्या औषधांच्या दुकानात फोन आला. मास्तरांनी मला रिक्षात बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर लसबाई बसल्या होत्या, भुवयांपर्यंत धुळीने पांढऱ्या, पायाशी पेटी.

"तुम्ही त्यांच्या मिसेस का?"

"बायको."

"पाय जात नाही. मी आत विचारून आले. गुडघ्याची वाटी फुटलीय, पण पाय जात नाही." त्यांनी माझा हात धरला. त्या औषधी साबणाचा वास आला. "मंगळवारीही दोनदा गुडघा सुटला होता त्यांचा. टाकीवरून सटकत होता. आज उतारावर दगड आला, त्यांनी आवळलं आणि पाय नुसता घसरला, धरायला काही राहिलंच नाही. मी मंगळवारीच म्हटलं होतं हो, साहेब, ही पँट बदला, हे कापड वाईट आहे. तर म्हणाले, घरी शिवलेली आहे, बदलता येत नाही."

मी बाकावर बसले. त्या बोलतच होत्या. ह्यांना खाणीत ठेवून, मदत आणायला त्या एकट्या फटफटीवरून सगळा उतार चढून आल्या होत्या. त्याआधी त्यांना तो निम्मासुद्धा जमला नव्हता. "उभ्याने आले," त्या म्हणाल्या. "एकदाही बसले नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटली, त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. मी त्यांना विचारणार होते, ह्यांनी तुम्हाला शिकवताना आणखी काय काय सांगितलं. पण ते विचारायचा हक्क मी सकाळी दारातच घालवून बसले होते. मास्तर भिंतीकडे बघत उभे होते. ह्यांना शुद्ध आली तेव्हा मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" हे म्हणाले, "सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मी ऐकलं असतं." मग डोळे मिटून घेतले. पँटबद्दल ह्यांनी काही म्हटलं नाही, मीही नाही. तिथून पुढे एकवीस वर्षं नाही.

मास्तर बहात्तर साली गेले. त्या विजेच्या यंत्राशी त्यांची शेवटपर्यंत दोस्ती झाली नाही, पण दुकान त्यांनी माझ्या नावावर करून ठेवलं होतं. कातड्याच्या गोष्टीबद्दल त्यांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही, एकदाच, त्यांच्या आजारपणात मी उशी सरळ करत होते तेव्हा म्हणाले, "हात तुझा चांगला आहे. त्याच्यावर लक्ष ठेव." लसबाईंनी एकोणीस वर्षं डोंगर ओलांडला. एकही बाटली फुटली नाही असं त्या सांगायच्या. दोन फुटल्या असं त्यांच्या खात्यातले सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे येऊन बसायच्या, पाय पसरून, आणि ह्यांना "साहेब" म्हणायच्या. मला त्या आवडायला लागल्या, आणि त्या घरात असताना मी स्वयंपाकघरात फार वेळ राहायचे नाही, हेही खरं. त्र्याण्णव साली त्या बहिणीकडे दूर राहायला गेल्या, नंतर पत्रं थांबली. चिमी हाडांची डॉक्टर झाली. मी तिच्याकडे असते. ती मला कधी काही विचारत नाही, माझ्या चालण्याकडे मात्र बघते.

ह्यांचा गुडघा परत वाकला नाही. बसमध्ये पाय वाटेत लांब ठेवावा लागायचा आणि लोक अडखळायचे. हे प्रत्येकाला "माफ करा, हा माझं ऐकत नाही" म्हणायचे. रेकॉर्ड रूममधूनच निवृत्त झाले. अठ्ठ्याऐंशी सालातल्या एका दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. कुठलं काही निमित्त नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत होतं ते कापड घसरतं."

"मलाही," हे म्हणाले.

"मग घातलीत का?"

ह्यांनी एक शेंग सोलली. दाणे मोजल्यासारखे बघितले. "तुला माहीत होतं की नाही, ते मला माहीत नव्हतं. रोज दारात वाटायचं, आता म्हणेल, ती नका घालू. म्हणाली असतीस तर मला कळलं असतं." मग माझ्याकडे न बघता, "आणि तू? तू कशाची वाट बघत होतीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून. की कातडं का नाही लावलंस."

"विचारणार होतो," हे म्हणाले. "शुक्रवारी."

त्यानंतर हे आणखी चार वर्षं होते. त्या चार वर्षांत ह्यांना विचारायची खोडच लागली. चहा मुद्दाम गोड केलास का, खिडकी मुद्दाम उघडी ठेवलीस का, मला मुद्दाम झोपू दिलंस का. मी म्हणायचे, हो, मुद्दाम. हे हसायचे, मीही हसायचे. पण चहाचा पहिला घोट घेण्याआधी कपाच्या काठावरून हे एकदा माझ्याकडे बघायचे, ते शेवटच्या सकाळपर्यंत.